पान लागलं

आमच्या भागात साप चावला असं कुणी म्हणत नाही. 'पान लागलं' म्हणतात. सापाला साप म्हणायचं नाही, 'जनावर' म्हणायचं, आणि रात्रीच्या वेळी तर तेही तोंडातल्या तोंडात. दूधगंगेच्या खोऱ्यात बिद्रीपासून वर गारगोटीकडं आणि खाली कागलकडं कुठंही जा, हीच भाषा. दवाखान्याच्या रजिस्टरात मात्र 'सर्पदंश' लिहायचा. माझ्या नोकरीतली किती वर्षं त्या 'पान लागलं'चं 'सर्पदंश' करण्यात गेली, मोजली नाहीत.

मी नर्स. गावात नर्सबाई, दवाखान्यात सिस्टर, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांची आक्का. आणीबाणी उठली त्याच्या मागोमाग शिक्षण संपवून बाहेर पडले. बिद्रीच्या आसपासच्या वाड्यावस्त्या, उपकेंद्रं आणि एका लहान सरकारी दवाखान्यात बहुतेक नोकरी गेली. शहरातल्या मैत्रिणी भेटल्या की विचारतात, तिकडं खेड्यात कसले गं पेशंट, खोकला-हगवण-खरूज. त्यांना वाटतं, अवघड आणि दुर्मीळ रोग मोठ्या इस्पितळातच येतात. खरं तर तिथं येतात ते नाव मिळालेले रोग. नाव मिळायच्या आधी ते आमच्याच दारातनं गेलेले असतात.

दुर्मीळ या शब्दाचंही गमतीचं आहे. माझ्या लहानपणी देवी अंगावर उमटलेली माणसं गल्लोगल्ली होती. गालावर खड्डे, एखाद्याचा डोळा गेलेला. मग भिंतींवर गेरूनं मोठ्या अक्षरांत रंगवलेलं दिसू लागलं, देवीचा रोगी कळवा आणि हजार रुपये मिळवा. आम्ही पोरं कांजिण्या आलेल्याच्या घरासमोर जाऊन हजार रुपयांची स्वप्नं बघायचो. २४ मे १९७५ ला आसामातल्या करीमगंजमध्ये देशातला शेवटचा रोगी सापडला आणि १९७७ साली भारत देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. म्हणजे मी नोकरीला लागले तेव्हा तो रोग नुकताच पुस्तकात गेला होता. आज नव्या पोरींना दंडावरचा टोचल्याचा वण दाखवला तर म्हणतात, मॅडम, हे कसलं भाजलंय?

देवी मी पाहिली नाही, पण नवजात बाळाचा धनुर्वात पाहिला. तो आता कुणी पाहिलेला नसतो, म्हणून सांगते.

बाळ चांगलं जन्मायचं. रडायचं, दोन-तीन दिवस अंगावर प्यायचं. पाचवीला सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते म्हणून पाटा-वरवंटा पुजायचा, कोरा कागद ठेवायचा. आणि त्याच्या मागंपुढंच एके दिवशी बाळ प्यायचं बंद व्हायचं. आईला वाटायचं दूध आटलं. खरं तर त्याचं तोंड उघडत नसायचं. ओठ ताणून हसल्यासारखे, मुठी आवळलेल्या, आणि पाठ मागं कमानीसारखी. दार वाजलं, उजेड आला, कुणी हात लावला की सगळं अंग ताठ. शुद्ध मात्र असायची. बायका म्हणायच्या, सटवाईनं असंच लिहिलं हुतं. नाळ कापलेली असायची विळ्यानं नाहीतर घरातल्या जुन्या पात्यानं आणि वर लावलेली असायची राख किंवा शेण. शेण गाईचं, म्हणजे पवित्रच की. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. जंतू मात्र त्यातच होता.

आमच्याकडं उपचार म्हणजे अंधार. खिडकीला घोंगडं लावायचं, पायातल्या चपला बाहेर काढायच्या, बोलायचं नाही. नाकातनं बारीक नळी घालून थेंब थेंब दूध, आणि झटके कमी करायचं औषध. त्या खोलीत आत जाताना मी बांगड्यांना रुमाल गुंडाळायचे. एका हिवाळ्यात तिघं आली. एक वाचलं.

त्यावरचा खरा इलाज त्या खोलीत नव्हता, तो आईच्या दंडात होता. गरोदरपणी धनुर्वाताची दोन इंजेक्शनं, स्वच्छ पातं, स्वच्छ दोरा, आणि नाळेला काहीही लावायचं नाही. सांगायला एवढंच. पण आणीबाणीतल्या नसबंदीनं सुईवरचा विश्वास उडवला होता. 'सुई घेतली की फुडं पोर हुत न्हाई' ही कुजबुज माझ्या आधी गावात पोचलेली असायची. मी दारात दिसले की सुना मागच्या दारानं उसात पळायच्या. मग मी सुईणीला धरलं. माझ्या आईपेक्षा मोठी बाई ती. तिला शिकवायला गेले तर ऐकणार नाही, म्हणून तिच्याकडनं शिकायला गेले. आडवं आलेलं मूल बाहेरनं हात लावून कसं ओळखायचं ते तिनं मला शिकवलं, आणि नव्या पात्याची पुडी तिनं माझ्याकडनं घेतली. असा आमचा व्यवहार. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातनं हा रोग हटल्याचं मान्य केलं. हटला म्हणजे कोणत्याही जिल्ह्यात हजार जन्मांमागं एकाहून कमी. मी पेपरात ती बातमी शोधली, आतल्या पानावर चार ओळी होत्या.

विंचवाचंही तसंच. कोकणातला लाल विंचू चावला की तरणीबांड माणसं घामानं भिजून, हातपाय बर्फ होऊन, तोंडाला फेस येऊन मरायची. महाडकडं बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचा तरुण डॉक्टर अशा रोग्यांच्या उशाशी रात्र-रात्र बसून टिपणं काढत होता. विंचवाचं विष हृदयावर कसं काम करतं, ते त्यांनी १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, आणि रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी गोळी त्यावर चालते हे पुढं दाखवून दिलं. पूर्वी गंभीर झालेल्या शंभरातले पंचवीस-तीस जायचे, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. जगाला शिकवणारं काम खेड्यातल्या खाटेवर झालं. आमच्या डॉक्टरांनी ती गोळी मागवून ठेवली तेव्हा मला वाटलं होतं, सापाचंही असं कुणीतरी एक गोळीत आणलं तर काय बहार होईल. ते काही झालं नाही.

साप चार प्रकारचे लक्षात ठेवायचे, असं आम्हाला शिकवलेलं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. घोणस आणि फुरसं रक्त बिघडवतात. त्याची परीक्षा इतकी सोपी की शाळेतलं पोरही करील. स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी आडवी करायची. गोठलं नसेल तर विष भिनलंय. नाग चावला तर जागा सुजते, काळी पडते, माणूस ओरडत येतो. या तिघांत चावल्याचा काहीतरी पुरावा असतो.

मण्यारीचा नसतो. काळं-निळं तुकतुकीत अंग, त्यावर पांढरे बारीक पट्टे. दिवसा सुस्त आणि रात्री फिरती. उंदीर आणि दुसरे साप खाते, त्यांच्या मागावर घरात शिरते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात उबेला येते. कूस बदलताना ती दाबली जाते आणि चावते. तिचे दात इतके बारीक की कित्येकदा माणूस जागाही होत नाही. सूज नाही, रक्त नाही, खूण नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, घसा धरतो. घरचे म्हणतात, रात्रीचं शिळं बाधलं. मग डोळ्यांच्या पापण्या जड होतात. मग म्हणतात, बाहेरचं लागलं. तासा-दोन तासांत जीभ लुळी, मान लुळी, आणि शेवटी छाती हलायची थांबते. तिचं विष नसांच्या टोकाशी बसतं आणि नसेचा निरोप स्नायूला पोचू देत नाही. मेंदूला त्याचा धक्का नाही. माणूस आत जागा असतो, पण पापणीसुद्धा त्याची राहिलेली नसते.

सापाच्या विषावरची लस मुंबईला परळच्या हाफकिन संस्थेत घोड्यांच्या रक्तातनं करत. प्लेगच्या काळात हाफकिनसाहेबांनी काढलेली ही प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली आणि १९२५ पासून त्यांच्या नावानं ओळखली जाऊ लागली. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याचं रक्त तयार करायचं, ही युक्ती काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञाची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. चारही सापांवर एकच लस. पण मण्यारीच्या बाबतीत एक मेख आहे. विष एकदा नसेच्या टोकात शिरलं की लस त्याला बाहेर ओढू शकत नाही. ती रक्तातलं मोकळं विष मारते, झालेली मोडतोड भरून काढत नाही. ते काम शरीरच करतं, तीन-चार दिवसांत, कधी जास्त. तोवर कुणीतरी त्या माणसाचा श्वास घ्यायला हवा.

१९५२ च्या ऑगस्टमध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची साथ आली होती, तेव्हा हाच प्रश्न पडला होता. श्वास बंद पडलेली पोरं धडाधड मरत होती आणि यंत्रं मोजकी. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं सुचवलं की गळ्यात नळी बसवा आणि रबराची पिशवी हातानं दाबत राहा. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून, महिनोन् महिने, पिशव्या दाबत बसले. पुढं तिथल्याच लोकांनी आपोआप फुगणारी पिशवी काढली, १९५६ साली. आम्ही तिला अंबू बॅग म्हणतो. डेन्मार्कातली ती पिशवी आमच्या कपाटात वरच्या खणात होती, धूळ बसू नये म्हणून टॉवेलात गुंडाळलेली.

ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. थंडी होती, हंगाम भरात होता. बिद्रीच्या कारखान्याचा भोंगा झाला की आमच्या क्वार्टरात चहा व्हायचा. ऊसतोडीला बीडकडच्या टोळ्या आलेल्या, माळावर उसाच्या पाल्याच्या खोपी. खोप म्हणजे चार काठ्या आणि वर पाला; खाली जमीन, जमिनीवर पोतं, पोत्यावर माणूस. रानातले उंदीर ऊस तुटेल तसे खोपीकडं सरकतात, आणि उंदरांमागं बाकीचं.

सकाळी आठच्या सुमाराला बैलगाडीतनं एका बाईला आणली. वय पंचवीसच्या आतबाहेर. पहाटे पोट दुखलं, ओकली, मग डोळं मिटायला लागली. तिला आधी गावातल्या मारुतीच्या देवळात नेऊन निजवलं होतं, तशी रीतच आहे. कडुलिंबाचा पाला खायला दिला, तिला गिळता येईना. मग कुणीतरी म्हणालं दवाखाना. टेबलावर घेतली तेव्हा श्वास वर वर चाललेला, लाळ गालावरनं ओघळतेली. डॉक्टर तरुण होते, पूर्वी भुलीच्या विभागात काम केलेले, हे तिचं नशीब. त्यांनी आणि मी तिला टाळूपासून टाचेपर्यंत तपासली. कुठं खूण नाही. पापण्या बोटानं वर उचलल्या तर बुबुळं मधोमध थिजलेली. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, मण्यार." लशीच्या चार बाटल्या होत्या, त्या चारही लावल्या. पांढरी भुकटी विरघळते तोवरचा वेळ किती लांब असतो ते ज्यानं हलवलीय त्यालाच ठाऊक. नसांवरचं दुसरं इंजेक्शन दिलं, उपयोग झाला नाही. श्वास थांबला. डॉक्टरांनी नळी घातली, मी टॉवेल सोडून पिशवी जोडली.

बाहेर रडारड सुरू झाली होती. नवऱ्यानं दारातनं बघितलं, डोळे थिजलेले, अंग लुळं, आणि तो भिंतीला टेकून खालीच बसला. टोळीतली एक म्हातारी आत आली आणि मला म्हणाली, "बाई, कशापायी तिची इटंबना करता, गेली ती." मला एकदम एका जुन्या सिस्टरची शिकवण आठवली. पिशवी दाबता दाबता मी बाईच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "बाळा, ऐकू येत आसलं तर पायाचा अंगठा हलीव." काही नाही. परत म्हणाले. म्हातारी पायाशीच उभी होती. तिनं किंकाळी फोडली. अंगठा हलला होता, अगदी एवढासा, ज्वारीच्या दाण्याएवढा.

जीपमधनं कोल्हापूरला न्यायचं ठरलं. मागच्या बाकावर ती आडवी, मी गुडघ्यावर बसून पिशवी दाबतेय, नवरा पाय धरून, आणि मुकादम पुढं ड्रायव्हरशेजारी. मोठ्या दवाखान्यात पोचलो तर श्वासाचं यंत्र दुसऱ्या रोग्याला लावलेलं. म्हणजे हातच. रात्री टोळीतली सहा माणसं आली, ट्रॅक्टरवर बसून, कोयते तसेच कमरेला. मी त्यांना शिकवलं. दाब, सोड, तुझा श्वास जाईल-येईल तसा. घाई करायची नाही. त्यांनी आपली रीत काढली, मोळ्या मोजल्यासारखं मोजायचं, शंभर झाल्या की पाळी बदलायची. मुकादमही बसला. त्याच्या हाताला कष्टाची सवय मोडलेली, पण त्यानं सलग पाच-सहा तास दाबली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पुढं जे सांगणार आहे त्याच्या आधी हे सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी यंत्र मोकळं झालं. चौथ्या दिवशी तिच्या पापण्या हलल्या, सहाव्या दिवशी नळी काढली. मी सुट्टी घेऊन बघायला गेले. आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. तसंच मी तिला म्हणालो, "आलो बघ तुला बघाय." ती डोळे मिटूनच म्हणाली, "तुमचा आवाज वळखला. अंगठा हलीव म्हन्ल्या व्हत्या."

तिला सगळं ऐकू आलं होतं. देवळातली घंटा, म्हातारीचं 'गेली ती', जीपचे खड्डे. आणि जीपमधलं बोलणंही. मुकादम मान मागं वळवून तिच्या नवऱ्याला म्हणत होता की ही गेली तर तुझा अर्धा कोयता राहणार. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल त्या हिशेबानं दिलेली असते. अर्ध्या कोयत्यात उचल कशी फिटायची, तेव्हा धाकट्या मेव्हणीला गावाकडनं बोलावून घे, हंगाम अजून बराच बाकी आहे. नवरा 'व्हय' म्हणाला होता. मी तिथंच होते, पिशवी दाबत होते, पण ते माझ्या कानात शिरलं नव्हतं. तिच्या शिरलं होतं. धाकटी बहीण तेव्हा चौदा वर्षांची होती आणि शाळेत जात होती.

मी विचारलं, नवऱ्याला सांगितलंस का, की तू ऐकलंस म्हणून. ती म्हणाली, "न्हाय. पर त्यास्नी ठाव हाय. माज्याकडं बगत न्हाईत."

आमच्या शिक्षणात रोग्यासमोर बोलू नये असं एक वाक्य होतं. परीक्षेला पाच मार्कांना यायचं. त्यानंतर बेशुद्ध म्हणून आलेल्या कुठल्याही रोग्याच्या खाटेपाशी नातेवाईक जमिनीची, दागिन्याची, लाकडाची भाषा काढू लागले की मी त्यांना हाताला धरून व्हरांड्यात नेत असे. काही जण चिडायचे. त्यांना वाटायचं, नर्सबाईला फार मिजास आलीय. नव्या पोरींनाही मी अंगठ्याचं शिकवलं. यंत्रांवरचे आकडे बघून माणूस गेला म्हणायची त्यांना घाई असते, आणि मण्यारीच्या रोग्याचे डोळे तर हुबेहूब मेलेल्याचे दिसतात.

आता १०८ ची गाडी आहे, महाराष्ट्रात ती २०१४ पासून. लशीच्या बाटल्याही चाराच्या वर असतात. तरी २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात साप चावून अंदाजे बारा लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असं २०२० मध्ये एका अभ्यासातनं पुढं आलं. २०३० पर्यंत हे मरण निम्म्यावर आणायचं म्हणून केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये कार्यक्रम जाहीर केला. चांगलंच आहे. पण ज्याला माहीतच नाही की साप चावलाय, त्याला पोटदुखीची गोळी देऊन घरी पाठवणारे अजून आहेत. हंगामात पहाटे पोट दुखतंय, ओकलाय, जमिनीवर झोपला होता, आणि पापणी खाली येतेय, एवढ्या चार गोष्टी एकत्र दिसल्या की पुढचं विचारत बसू नये, गाडी बोलवावी.

टोळ्यांना खाटा सांगून उपयोग नसतो, बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारी माणसं खाट कुठं नेणार? मच्छरदाणी मात्र गुंडाळून नेता येते. तिच्या कडा पोत्याखाली नीट खोचल्या की जनावर आत येत नाही. पुढच्या हंगामात ती बाई परत आली, त्याच नवऱ्याबरोबर, त्याच मुकादमाच्या टोळीत. बहिणीचं विचारलं तर म्हणाली, साळंतच हाय. दवाखान्यात येऊन तिनं ती पिशवी बघायला मागितली, दोनदा दाबून बघितली, आणि खोपीतल्या मच्छरदाण्या दाखवायला मला माळावर घेऊन गेली. टोळीतल्या सगळ्या खोपींत एकेक होती. पैसे कुठनं आणले विचारलं, तर तिनं मुकादमाकडं हनुवटी केली. त्या विकत आणून त्यानं प्रत्येकाच्या उचलीत लिहून टाकल्या होत्या.